शंकासमाधान : केबिनमधले बाहुले आणि बिल्ल्यावरचा कुत्रा

गेल्या अंकात आम्ही नासाच्या आर्टेमिस १ या चांद्रमोहिमेतील ओरायन यानाच्या केबिनचे एक छायाचित्र छापले होते. यानात माणूस नव्हता; होते ते नारिंगी अंतराळपोशाख घातलेले आणि दोरीला बांधलेले स्नूपी या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतल्या कुत्र्याचे कापडी बाहुले, तरंगत असलेले. त्या एका चित्रावर एवढी पत्रे येतील असे आम्हाला वाटले नव्हते. बहुतेक पत्रांचा रोख असा, की इतक्या गंभीर कामात कार्टूनमधली पात्रे हवीत कशाला? त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : यानात ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो असे आपण वाचतो. मग कुत्र्याचे बाहुले पाठवण्याचा खरोखर काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो, मात्र तो समजण्यासाठी अंतराळवीराच्या आसनावर बसल्याची कल्पना करावी लागेल. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर पट्ट्यांनी इतके घट्ट बांधलेले असतात की वजन नाहीसे झाले तरी ते शरीराला लगेच जाणवतेच असे नाही. रशियाच्या सोयुझ यानात यावर जुना आणि अगदी साधा उपाय आहे. समोरच्या नियंत्रण-फलकाच्या वर दोरीने एक लहानसे खेळणे टांगायचे. इंजिन चालू असते तोवर यान सतत वेग घेत असते, त्यामुळे दोरी ताणलेली राहते आणि खेळणे अंतराळवीरांच्या बाजूला लोंबत असते. उड्डाणानंतर सुमारे ९ मिनिटांनी रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याचे इंजिन थांबते. त्याच क्षणी दोरी सैल पडते, खेळणे उसळी घेते आणि अधांतरी डोलू लागते. केबिनमधल्या कॅमेऱ्यातून जमिनीवरच्या लोकांनाही ते दिसते. उपकरणांवरचे आकडे हीच गोष्ट अधिक अचूकपणे सांगत असतात, हे खरे. पण आकडा वाचावा लागतो आणि बाहुले नुसते दिसते.

यालाच ‘शून्य गुरुत्व दर्शक’ म्हणतात, आणि हे नाव तसे चुकीचेच आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या मानाने ८९ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असते. तेथे गुरुत्व संपलेले नसते. यान, माणसे आणि बाहुले सगळेच एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून कोणाचाच भार कोणावर पडत नाही.

आर्टेमिस १ची गोष्ट थोडी वेगळी होती. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी निघालेल्या आणि ११ डिसेंबरला समुद्रात उतरलेल्या त्या यानात मापनयंत्रे बसवलेले तीन पुतळे होते. त्यांपैकी दोन धडांच्या आकाराचे होते आणि शरीरात आत किती किरणोत्सार पोचतो हे त्यांच्यातील संवेदकांनी मोजले. वैज्ञानिक काम त्यांचे होते. स्नूपीचे काम दिसण्याचे होते, आणि ते त्याने चोख केले. पुतळ्यांबद्दल विचारणारे एकही पत्र आमच्याकडे आलेले नाही!

प्रश्न : कार्टूनमध्ये इतकी पात्रे असताना नासाने स्नूपीच का निवडला? त्याची सुरुवात कोणी केली?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर थट्टेच्या नव्हे, तर एका अपघाताच्या गोष्टीत आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडीच्या प्रक्षेपण-मंचावर अपोलो १ यानाची चाचणी चालू असताना केबिनमध्ये आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले. केबिन शुद्ध ऑक्सिजनने भरलेली होती आणि तिचे दार आतल्या बाजूला उघडणारे होते, त्यामुळे आतला दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. चौकशी मंडळाच्या अहवालात वायरिंगच्या आणि कारागिरीच्या अनेक त्रुटी नोंदवल्या गेल्या. त्यांतली एक नोंद लहान आहे, पण वाचताना थांबायला लावते : यानाच्या आत पान्याचे एक सॉकेट राहून गेलेले सापडले होते. आगीचे कारण म्हणून त्याची नोंद नाही. तरीही, ज्या यानात माणसे बसणार त्यात कोणाचे तरी अवजार विसरले जाते आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही, एवढ्यावरून कामाची शिस्त कशी होती ते कळते.

अपोलो कार्यक्रमात तेव्हा लाखो माणसे काम करत होती. त्यांतील बहुतेक जण नासाचे नोकर नव्हते. देशभर पसरलेल्या कंत्राटदार कंपन्यांच्या कारखान्यांत ते झडपा बसवत, तारा जोडत, पोशाख शिवत. ज्याच्या हातून जोड सैल राहू शकते त्याला अंतराळवीर कधी दिसतही नसे. त्यांच्यापर्यंत सुरक्षिततेचा आग्रह कसा पोचवायचा, हा खरा प्रश्न होता. परिपत्रके निघतच होती, आणि परिपत्रकांचे जे होते तेच त्यांचे होत होते. अमेरिकेत जंगलातील वणव्यांविषयी सावध करणारे स्मोकी बेअर हे अस्वल घरोघरी ओळखीचे झालेले होते. तसाच एखादा शुभंकर अंतराळ कार्यक्रमाला असावा, असा विचार ह्यूस्टनच्या केंद्रात जनसंपर्काचे काम पाहणारे अल चॉप यांनी मांडला आणि त्यासाठी स्नूपीचे नाव सुचवले. व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी संमती तर दिलीच, शिवाय अंतराळपोशाखातला स्नूपी स्वतः काढून दिला.

यातून १९६८ मध्ये ‘सिल्व्हर स्नूपी’ पुरस्कार सुरू झाला, आणि तो आजही दिला जातो. चांदीचा एक छोटा बिल्ला असतो; त्यावर अंतराळपोशाखातला स्नूपी असतो. हा बिल्ला आधी एखाद्या मोहिमेत अंतराळात जाऊन आलेला असतो, आणि तो कोणत्या मोहिमेत गेला होता हे सोबतच्या पत्रात लिहिलेले असते. पुरस्कार अंतराळवीर देतात आणि शक्यतो कामाच्या ठिकाणी, सहकाऱ्यांच्या देखत देतात. नासा आणि कंत्राटदार मिळून जेवढे कर्मचारी आहेत त्यांपैकी दरवर्षी १ टक्क्याहूनही कमी लोकांना तो मिळतो. आमच्या मते या सगळ्या प्रकारातली खरी कल्पकता बिल्ल्यावरच्या चित्रात नाही; देणारा कोण आहे, यात ती आहे. वरिष्ठाने पाठ थोपटणे वेगळे, आणि ज्याचा जीव आपल्या कामावर अवलंबून होता त्याने स्वतः टेबलापाशी येऊन कोटाला बिल्ला लावणे वेगळे. अशा प्रसंगी पुरस्कारावर गरुड, ढाल किंवा लॉरेलची पाने असती तर तो आणखी एक सरकारी समारंभ झाला असता. कुत्रा असल्यामुळे तसे होत नाही.

मे १९६९ मधील अपोलो १० मोहिमेने स्नूपीला जमिनीवरून चंद्रापर्यंत नेले. टॉम स्टॅफर्ड, जॉन यंग आणि यूजीन सर्नन यांनी लूनर मॉड्यूलला (चंद्राजवळ खाली जाणाऱ्या यानाला) ‘स्नूपी’ आणि कमांड मॉड्यूलला (पृथ्वीवर परतणाऱ्या मुख्य यानाला) स्नूपीचा मालक ‘चार्ली ब्राउन’ याचे नाव, अशी संकेतनामे दिली. उतरण्याची रंगीत तालीम करायची, पण उतरायचे नाही, असे त्या मोहिमेचे स्वरूप होते. लूनर मॉड्यूलने चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे १५ किलोमीटरपर्यंत खाली जाऊन पुढच्या मोहिमेची जागा हुंगून यायची (इंग्रजीत ‘स्नूप’ म्हणजे हुंगत, टेहळत फिरणे), म्हणून हे नाव. १८ मे रोजी यानाकडे निघालेला स्टॅफर्ड वाटेत एका कर्मचारी महिलेच्या हातातील मोठ्या स्नूपीच्या नाकावर हात ठेवतो आहे, असे एक छायाचित्र आहे. शुभशकुनाचा हा प्रकार पुढे कित्येक ठिकाणी छापला गेला. अंतराळातून रंगीत दूरदर्शन प्रक्षेपण पहिल्यांदा झाले तेही याच मोहिमेत, आणि अंतराळवीरांनी दोन्ही पात्रांची चित्रे कॅमेऱ्यापुढे धरली होती.

परत येताना मात्र या ‘स्नूपी’ने घाम फोडला. उतरण्याचा भाग वेगळा करण्याच्या सुमारास एक कळ चुकीच्या स्थितीत गेली आणि यान काही क्षण गरागरा फिरू लागले. सर्ननच्या तोंडून जी शिवी गेली ती थेट प्रक्षेपणात ऐकू आली, आणि नंतर तिच्याविषयी तक्रारीही आल्या.

आणखी एक बारीक गोष्ट. अंतराळवीर हेल्मेटच्या आत कानांपाशी इअरफोन आणि तोंडापाशी मायक्रोफोन असलेली कापडी टोपी घालतात. ती मधोमध पांढरी आणि दोन्ही कानांवर गडद रंगाची असते, म्हणजे हुबेहूब बीगल कुत्र्याचे डोके. तिचे तांत्रिक नाव लांबलचक आहे. अंतराळवीर तिला ‘स्नूपी कॅप’च म्हणतात.

प्रश्न : कार्टूनचे नाव अंतराळात नेण्याचा मान स्नूपीचाच का?

उत्तर : नाही. फ्रान्सने २६ नोव्हेंबर १९६५ रोजी अल्जीरियातील हमागीर येथून दियामां रॉकेटने आपला पहिला उपग्रह सोडला. कागदोपत्री त्याचे नाव ए-१ असे रुक्ष होते. पुढे तो ओळखला जाऊ लागला तो आस्तेरिक्स या गॉल वीराच्या नावाने, ज्याच्या चित्रकथा १९५९ मध्ये सुरू झाल्या होत्या. उपग्रहाचे वजन ४२ किलोग्रॅम होते आणि त्याचे संदेश लवकरच थांबले. सोव्हिएत संघ आणि अमेरिका या दोन बलाढ्य देशांनंतर स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा फ्रान्स हा तिसरा देश ठरला. रोमन साम्राज्याला न जुमानणाऱ्या एका लहानशा गावच्या वीराचे नाव अशा वेळी सुचावे, यात नवल नाही. स्नूपीच्या नावामागे सुरक्षितता होती, आस्तेरिक्सच्या नावामागे चक्क स्वाभिमान होता.

प्रश्न : अपोलो १०नंतर नासाने असली नावे ठेवण्यास मनाई केली, हे खरे का?

उत्तर : मनाईपेक्षा कानउघाडणी म्हणणे योग्य होईल. नावांवरून असा वाद आधीही झाला होता. ग्रिसमचे पहिले यान १९६१ मध्ये समुद्रात उतरल्यावर बुडाले होते, म्हणून १९६५ मधील जेमिनी ३ला त्याने टायटॅनिकच्या अपघातातून वाचलेल्या मॉली ब्राउनचे नाव दिले. वरिष्ठांनी पर्यायी नाव विचारले तेव्हा त्याचे उत्तर ‘टायटॅनिक’ असे होते, आणि वरिष्ठांनी निमूटपणे मॉली ब्राउनला होकार दिला. त्यानंतर मात्र नावे ठेवणे बंदच करण्यात आले. अपोलो ९मध्ये दोन स्वतंत्र याने एकाच वेळी उडू लागली, त्यांच्याशी बोलताना दोघांना वेगवेगळे पुकारणे भाग पडले आणि नावे परत आली.

अपोलो १०नंतर नासाचे जनसंपर्कप्रमुख ज्युलियन शीर यांनी पुढच्या मोहिमेसाठी नावे जरा भारदस्त असावीत असे लेखी सुचवले, आणि अपोलो ११च्या यानांना ‘कोलंबिया’ व ‘ईगल’ ही नावे मिळाली. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे आम्हाला वाटत नाही. यान चंद्रावर उतरताच साऱ्या जगाने ऐकलेले वाक्य ‘ईगल उतरला आहे’ असे होते; तेथे ‘स्नूपी उतरला आहे’ असे म्हणून पाहा, म्हणजे शीर यांची अडचण लक्षात येईल.

तरीही सवय सुटली नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६च्या कमांड मॉड्यूलला केन मॅटिंग्लीने ‘कॅस्पर’ हे कार्टूनमधल्या मनमिळाऊ भुताचे नाव दिले, कारण दूरदर्शनच्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतले अंतराळवीर भुतांसारखे दिसत. त्या मोहिमेचा प्रमुख होता जॉन यंग, म्हणजे अपोलो १०मध्ये ‘चार्ली ब्राउन’मधून एकट्याने चंद्राला फेऱ्या मारणारा तोच.

प्रश्न : सुतारपक्ष्यामुळे स्पेस शटलचे उड्डाण लांबले होते, असे मुलाच्या पुस्तकात आहे. ही थाप आहे ना?

उत्तर : मुलाचे पुस्तक बरोबर आहे. जून १९९५ मध्ये डिस्कव्हरी हे शटल एसटीएस-७० मोहिमेसाठी फ्लोरिडात प्रक्षेपण-मंचावर उभे होते. त्याच्या सुमारे ४७ मीटर उंचीच्या नारिंगी इंधनटाकीत उणे २५३ अंश सेल्सियसचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन भरायचा असतो, म्हणून तिच्यावर फेसाळ पदार्थाचा जाड थर असतो. तो नसेल तर हवेतील बाष्पाचा बर्फ टाकीवर जमतो आणि उड्डाणात सुटून यानावर आदळू शकतो. फ्लिकर जातीच्या सुतारपक्ष्यांना हा थर म्हणजे घरट्यासाठी अगदी मऊ लाकूड वाटले असावे. मे महिन्याच्या अखेरच्या सुट्टीत त्यांनी त्याला सुमारे २०० भोके पाडली. त्यांतली मोठी १० सेंटीमीटर व्यासाची होती. मंचावर दुरुस्ती करता येईना, म्हणून सगळे शटल मागे इमारतीत न्यावे लागले. त्यानंतर पक्ष्यांना पळवण्यासाठी प्लॅस्टिकची घुबडे बसवली गेली, भोंगे वाजवले गेले. १३ जुलैला उड्डाण झाले तेव्हा कार्टूनमधला वुडी वुडपेकर हा सुतारपक्षी त्या मोहिमेचा अनधिकृत शुभंकर झाला होता. अनेक आठवडे हैराण करणाऱ्या पक्ष्यालाच अशा प्रकारे मानाचे पान मिळाले.

प्रश्न : ही निव्वळ जाहिरात नाही का? खेळण्यांच्या कंपन्यांना फुकट प्रसिद्धी मिळते.

उत्तर : पुष्कळदा आहे, आणि तसे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. ३१ मे २००८ रोजी डिस्कव्हरीतून ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या बझ लाइटइयर या खेळण्यातल्या अंतराळवीराचा सुमारे ३० सेंटीमीटर उंचीचा पुतळा अंतराळ स्थानकावर गेला आणि ११ सप्टेंबर २००९ रोजी परतला. डिस्ने आणि नासा यांच्या शैक्षणिक सहकार्याचा तो भाग होता. मुलांसाठी चित्रफिती झाल्या आणि डिस्नेचाही फायदा झाला. २०१२ मध्ये तो पुतळा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायू आणि अंतराळ संग्रहालयात जमा झाला. या पात्राचे नाव चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनवरून ठेवलेले आहे, त्यामुळे येथे कोण कोणाची प्रसिद्धी करतो हे ठरवणे अवघडच आहे.

पण सगळ्याच बाहुल्यांना हा न्याय लावू नये. नोव्हेंबर २०११ मध्ये बर्फ पडत असताना बैकोनूरहून निघालेल्या सोयुझमध्ये अँग्री बर्ड्समधला लाल पक्षी टांगलेला होता. तो अंतराळवीर अँटन श्काप्लेरोवच्या लहान मुलीचा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच अंतराळवीराच्या यानात ओलाफ हा हिममानव लोंबत होता, आणि तोही मुलीच्याच पसंतीचा होता. सहा महिने दूर राहणाऱ्या बापाने मुलीचे खेळणे डोळ्यांसमोर टांगले, तर त्यात जाहिरात शोधण्याचे कारण नाही. मंगळावरील स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या गाड्यांच्या २००३ मधील प्रक्षेपणांच्या बिल्ल्यांवर अनुक्रमे मार्व्हिन हा मंगळवासी आणि डक डॉजर्स या अंतराळवीराच्या वेशातला डॅफी डक हा कार्टूनमधला बदक होता. पृथ्वी उडवून देण्याच्या खटपटीत असलेल्या मंगळवासीयाला मंगळावर निघालेल्या मोहिमेने आपल्या बिल्ल्यावर घ्यावे, ही तिरकस विनोदबुद्धी अभियंत्यांचीच असू शकते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. यानांना डोळे, हात आणि भावना देणारी कार्टून पाहून मुलांचा गैरसमज होत नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या रोझेटा मोहिमेचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके ठरेल. संस्थेने रोझेटा आणि तिच्यासोबतचे छोटे यान फिले यांना कार्टूनमधली भावंडे बनवले होते. थोरली समंजस रोझेटा, आणि पाठीवर उपकरणांची पिशवी घेतलेला उत्साही धाकटा फिले. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी खरा फिले ६७पी या धूमकेतूवर उतरला, तेव्हा त्याला जखडून ठेवणारे भाले सुटलेच नाहीत. तो उसळला, भरकटला आणि कपारीच्या सावलीत जाऊन अडकला. सौर पट्ट्यांना ऊन मिळेना, त्यामुळे सुमारे अडीच दिवसांत त्याची बॅटरी संपली. कार्टूनमध्ये फिले झोपी गेला, आणि जगभरची मुले तो केव्हा उठेल हे विचारू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये रोझेटाच्या कॅमेऱ्याने त्याला हुडकले आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला तिलाही धूमकेतूवर उतरवून मोहीम संपवण्यात आली.

‘झोपला’ हा शब्द चुकीचा होता का? बॅटरी संपून यंत्रणा बंद पडणे, आणि ऊन मिळाल्यास ती पुन्हा सुरू होण्याची शक्यता असणे, हे सहा वर्षांच्या मुलाला सांगायला याहून बरा शब्द आम्हाला तरी सुचत नाही. आणि जून २०१५ मध्ये फिलेने खरोखरच पुन्हा संदेश पाठवले होते. अडचण येते ती मोहीम संपवताना. यंत्र मुद्दाम बंद केले गेले, हे सांगण्याऐवजी ‘ती भावाला भेटायला गेली’ एवढ्यावरच थांबलो, तर निर्णय माणसांनी घेतला आणि का घेतला, हे मुलांना कळतच नाही. रोझेटा सूर्यापासून दूर चालली होती आणि तिला पुरेशी वीज मिळणार नव्हती, म्हणून बंद पडण्याआधी शेवटची मोजमापे जवळून घेता यावीत यासाठी तिला खाली उतरवले गेले. वर्गात कार्टून जरूर दाखवावे, आणि ते संपल्यावर हे वाक्य आपण स्वतः सांगावे.

प्रश्न : शुभांशु शुक्ला यांच्या यानातील हंस कोणत्या कार्टूनमधला?

उत्तर : कोणत्याच नाही. जून २०२५ मधील ॲक्सिअम ४ मोहिमेत ‘जॉय’ नावाचे हंसाचे मऊ पिल्लू दर्शक म्हणून होते. भारत, पोलंड आणि हंगेरी या तिन्ही देशांच्या संस्कृतीत हंसाला मान असल्यामुळे त्याची निवड झाली होती.

प्रश्न : अपोलो १०चा ‘स्नूपी’ आता कोठे आहे?

उत्तर : लूनर मॉड्यूलचा वरचा भाग कामगिरी संपल्यावर रिकामाच सोडून देण्यात आला आणि इंधन संपेपर्यंत त्याचे इंजिन चालू ठेवण्यात आले, त्यामुळे तो चंद्राला सोडून सूर्याभोवतीच्या कक्षेत गेला आणि अजूनही तेथेच फिरतो आहे. ‘चार्ली ब्राउन’ पाहायचा असेल, तर तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.